मिठाच्या स्टेशनावरचा मापाडी

बाळारामकाकांनी मला कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. मी जिना उतरू लागले की तळमजल्याच्या दारातल्या खुर्चीतून आवाज यायचा, "एकाहत्तर! गणपतीत अडुसष्ट व्हतीस, बाय."

आणि हे एवढ्या मोठ्यानं, की गेटवरचा वॉचमन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि समोरच्या जयाबेन या सर्वांना माझी खासगी माहिती रोजच्या रोज ताजी मिळावी. मी शाळेत ग्रंथपाल आहे. माझ्या नुसत्या डोळे वटारण्यानं आठवीचा अख्खा वर्ग गप्प होतो. काकांपुढे त्या डोळ्यांची मात्रा चालली नाही. बरं, माणूस चुकतोय म्हणावं तर तेवढीही सोय नाही. पहिल्यांदा त्यांनी आकडा सांगितला तेव्हा मी तणतणत वर गेले आणि घरच्या वजनकाट्यावर उभी राहिले. एकाहत्तर. बांगड्या काढल्या, श्वास सोडला, एक पाय उचलून पाहिला. एकाहत्तर.

जयाबेन त्यांच्या लेखी छप्पन्न होत्या. वॉचमन "बावन्न, पन उपाशीपोटी". चौथ्या मजल्यावर नवी सून आली, ती बिचारी पाया पडायला वाकली, तर काकांनी आशीर्वाद दिला, "अठ्ठेचाळीस. खात जा."

बाळाराम भोईर मूळचे भाईंदरजवळच्या मोरवा गावचे. आमची इमारत उभी आहे ती जागा त्यांच्या भाताच्या खाचरांची. जमीन गेली, मिठागरं आटली आणि त्यांच्या वाट्याला तळमजल्यावरच्या दोन खोल्या आल्या. पण शेती हे काही त्यांचं काम नव्हतं. ते मापाडी. आगरातलं मीठ गोणीत भरून आलं की ते काट्यावर चढवायचं, तोलायचं, मग गोण वॅगनीत जाऊ द्यायची, हे त्यांनी उभा जन्म केलं. बाळारामनं तोललेली गोण पुढे कुणी परत तोलत नसे, असं मोरव्यातली जुनी माणसं सांगतात. काकाही सांगायचे, दिवसातून दोनदा.

"काट्यावर ये" हे त्यांचं पालुपद. कुणी जरा फुशारकी मारली की काकांनी तर्जनीनं जमिनीकडे खूण केलीच, जणू तिथे काटा मांडलेला आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, गळतीचं काम जवळजवळ झालंच आहे. काका मागून म्हणाले, "काट्यावर ये." टीव्हीवर पुढारी भाषण करत असला तरी तेच. भाजीवाल्याशी तर रोजचं भांडण. पन्नास ग्रॅम टोमॅटो कमी भरला म्हणून त्यांनी एकाला भर बाजारात अर्धा तास उभं केलं होतं. आणि दुसऱ्यानं चुकून पन्नास ग्रॅम जास्त दिला तेव्हा तो टोमॅटो परत करायला तेवढ्याच तावातावानं गेले होते.

भाईंदर स्टेशनाचा इतिहास हा त्यांचा दुसरा नाद. आपल्याला वाटतं स्टेशन आपल्यासाठी बांधलं. काकांना हे साफ नामंजूर.

"यो स्टेशन माणसांसाठी न्हाय झाला, बाय. मिठासाठी झाला. माणसं मंगारी, मागनं चढली."

ते फलाटावरच्या बाकड्यावर बसत आणि शेजारी जो कोण असेल त्याला हा इतिहास ऐकवत. शेजारचा मराठी नसला तर हिंदीतून. "इधर मीठ का सायडिंग था. आप जिधर बैठा है ना, उधर गोनी था." एकदा तर तो भला माणूस खरोखरच दचकून सरकून बसला. मग काका बोटानं सगळं दाखवत. इथे घासलेटचा दिवा होता, इथे घंटा, इथे पाण्याचा माठ, इथे उत्तन-डोंगरीकडच्या कोळणी पाट्या उतरवून गाडीची वाट बघत बसत. नवीन सोयींबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. सरकत्या जिन्याला ते "आळशांची शिडी" म्हणत. तिकिटाच्या यंत्राला "मुका बाबू".

एका सोयीपुढे मात्र त्यांची मान लवायची. फलाटाच्या टोकाला वजनाचं एक जुनं यंत्र उरलं होतं. काचेआड लाल-पिवळे दिवे, गरगरणारी चक्री, नाणं टाकलं की खडखड करून पडणारं पुठ्ठ्याचं कार्ड. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. दर सोमवारी सकाळी काका धुतलेला सदरा घालून निघत. आधी प्लॅटफॉर्म तिकीट. गावातलं पोर हसलं, काका, तुम्हाला कोण अडवतोय, तर म्हणाले, "कोन आडवत न्हाय म्हनून फुकट जाऊ?" मग यंत्रापुढे चप्पल काढून, उभं राहायच्या पाटाला हात लावून तो कपाळाला. मग स्वतःचं वजन. मग कापडी पिशवीतून नेलेलं पाच किलोचं लोखंडी वजन हातात घेऊन पुन्हा स्वतःचं वजन. दोन्ही कार्डांत बरोबर पाचाचा फरक आला की यंत्र पास. काका त्याला शाबासकी दिल्यासारखं थोपटत.

एकदा पोलिसानं पिशवी अडवली.

"इसमें क्या है?"

"पाच किलो."

"क्या पाच किलो?"

"पाच किलो म्हंजे पाच किलो. और कुछ नहीं."

पोलिसानं लोखंडाचा तो गोळा बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला. "ये लेके कहाँ जाना है?"

"किधर नहीं जाने का. मशीन को तपासने आया."

पोलिसानं बराच विचार केला आणि शेवटी स्वतःच यंत्रावर चढला. चक्री फिरत असतानाच काका म्हणाले, "ब्याऐंशी." कार्ड पडलं, ब्याऐंशी. त्यानंतर तो पोलीस काकांना पाहून खांबाआड जायचा म्हणतात. मला त्याचं दुःख समजतं.

माझं आणि काकांचं खरं बिनसलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. घरात वीस बायका, मी नवीन पैठणीत, आणि काका हिराकाकूला बोलवायला वर आले. दारातूनच मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "साडी धरून चौऱ्याहत्तर." वीस बायका हसल्या. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, या माणसाला कधी ना कधी खोट्यात पकडायचं. एकदा. पन्नास ग्रॅमचं का होईना.

हिराकाकू त्यांची बायको. अंगानं किरकोळ, पण हसली की वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येई. काकांना तोंडावर उत्तर देणारी इमारतीत तीच एक. तरुणपणी ती मिठागरावर टोपल्या वाहायची. टोपलीच्या तळाशी ओलं मीठ, वर कोरडं, म्हणजे वजन जास्त भरतं, ही बायकांची युक्ती. नव्या मापाड्यानं टोपलीत हात घातला, ओलं मीठ बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर तिची टोपली परत केली. हिरानं त्याला सात पिढ्यांवरून शिव्या घातल्या. पुढच्या वर्षी लग्न झालं. "मना बोलला, शिव्या वजनदार हायेत तुझ्या," काकू सांगायची आणि काका दाराबाहेर बघायचे.

दीडेक वर्षापूर्वी काकूला पोटाचं दुखणं निघालं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात किमो सुरू झाली. दर दोन आठवड्यांनी दोघं सकाळी गाडीनं जात, दुपारी परत येत. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, औषध आम्ही देऊ, पण ते सोसायला अंगात काहीतरी पाहिजे. त्यांना खाऊ घाला. वजन उतरत गेलं तर आम्हाला थांबावं लागेल.

आणि काकू खात नव्हती. काकांनी स्वतः पेज केली, बोंबलाचं कालवण केलं, जयाबेननी पातळ खिचडी पाठवली. काकू दोन घास घेऊन ताट सरकवायची. "खाऊन काय व्हतंय? उतरतंच हाय ना मी."

मी खाली उतरले की काका अजूनही एकाहत्तर म्हणायचे. वॉचमनला बावन्न म्हणायचे. पण दारातून काकू बाहेर आली की त्यांचं तोंड मिटायचं. सगळ्या इमारतीत हा एकच आकडा त्यांनी मोठ्यानं म्हणणं सोडलं, हे माझ्या लक्षात यायला मला फार उशीर लागला.

पुढे एकदा जयाबेननी बातमी आणली, हिराबेन जेवायला लागली. इस्पितळातून येताना काका तिला स्टेशनवरच्या यंत्रावर उभं करतात, कार्डावर वजन वाढलेलं येतं, आणि कार्ड पाहून ती त्या रात्री अर्धी भाकरी खाते. इस्पितळातही वजन व्हायचं, पण तो आकडा फाइलमध्ये जायचा आणि फाइल काकांच्या काखेत. काकूला अक्षर येत नव्हतं, आकडे येत. कार्डावरचा आकडा ती स्वतः वाचायची. मागचं भविष्य वाचायला मात्र कार्ड माझ्याकडे यायचं. एकदा लिहिलं होतं, परदेशगमनाचा योग. काकू पोट धरून हसली. "उत्तनच्या पल्याड कवा गेली न्हाय मी."

मलाही बरं वाटलं. काकूकडे पाहून वजन वाढल्याचं वाटत नव्हतं, पण आकड्यांच्या बाबतीत मी काकांशी वाद घालणं केव्हाच सोडलं होतं.

त्या शनिवारी शाळा लवकर सुटली. मी फलाटावर उतरले तर टोकाला यंत्रापाशी दोघं उभी. काकू पाटावर. काका तिच्या मागे, तिचे दंड धरून. उजवी चप्पल बाजूला काढून ठेवलेली. आणि उजव्या पायाचा अंगठा पाटावर, काकूच्या टाचेमागे, घट्ट दाबलेला. पायाच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

कार्ड पडलं. "त्रेचाळीस! हिरे, आर्धा किलो वाढलीस बघ."

मी त्यांना पकडलं होतं. इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. "काट्यावर या, काका" हे शब्द अगदी ओठांवर होते, खोटं कशाला बोलू, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात काकांनी मान वळवली आणि मला पाहिलं.

त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. चोरी पकडली गेल्यावर माणूस लाजतो, रागावतो, काहीतरी सारवासारव करतो. काका नुसते बघत राहिले, आणि त्यांचा अंगठा अजून पाटावरच होता. मी तोंड मिटलं. "अगं बाई, वाढलं की वजन!" असं काहीतरी मोठ्यानं म्हणाले आणि काकूच्या हातातलं कार्ड घेऊन भविष्य वाचू लागले. काय लिहिलं होतं ते आठवत नाही. मला अक्षरंच दिसत नव्हती.

त्यानंतर असंच चालू राहिलं. काका मला जिन्यात आकडा सांगत, पण माझ्याकडे न बघता.

शेवटच्या उन्हाळ्यात एकदा मी काकूला नाचणीची आंबील घेऊन गेले. काका औषधं आणायला बाहेर गेले होते. काकू उशीला टेकून बसली होती. एकेक चमचा ती इतक्या कष्टानं गिळत होती की मला पाहवेना. मी म्हटलं, "राहू द्या काकू, नंतर घ्या."

"न्हाय. संपवायला पायजे. परवा काट्यावर जायचं हाय." मग चमचा खाली ठेवून माझ्याकडे पाहून हसली. जुनं हसू नव्हतं ते, पण डोळ्यांत तीच मिश्किली होती. "तू बघितलंस ना त्याला, अंगठा दाबताना?"

मी आंबिलीच्या वाटीकडे पाहू लागले.

"सोळा वर्सं डोईवर टोपल्या वाह्यल्या मी. मापाला कोन कुठं हात लावतंय ते मना कळत न्हाय? पाट हलला का तळपायाला कळतंय. पयले दीडेक किलो दाबत व्हता. आता चार किलो दाबतंय."

"पहिल्यापासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"पयल्या दिवसापास्नं."

"मग जेवता कशाला?" मी विचारलं आणि जीभ चावली.

काकूनं पुन्हा चमचा उचलला. "न्हाय जेवले तर त्याला आजून दाबायला लागंल. जल्मात कवा काटा मारला न्हाय त्यानं. मी जेवढं खाईन तेवढं त्याचं खोटं कमी." मग दाराकडे पाहत हळूच म्हणाली, "त्याला बोलू नको हां, बाय. लाजंल म्हातारा."

मी तिला वचन दिलं.

श्रावण लागायच्या आधीच हिराकाकू गेली.

दिवस झाले, पाहुणे पांगले. मी जिना उतरू लागले आणि खुर्चीत काका बसलेले असूनही काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वॉचमनला नाही, जयाबेनना नाही. ज्या आवाजाला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या त्याची वाट बघत मी पायरीवर थांबू लागले. जयाबेन म्हणाल्या, काकांनी ते पाच किलोचं वजन भंगारवाल्याला देऊन टाकलं. पैसेही घेतले नाहीत.

एका सोमवारी दुपारी मी शाळेतून परतले तर काका फलाटावरच्या बाकड्यावर बसलेले. मुठीत प्लॅटफॉर्म तिकीट. समोर ते यंत्र, त्याचे दिवे लागत होते, विझत होते. शेजारी कॉलेजातली दोन मुलं बसली होती, पण काका त्यांना काही सांगत नव्हते. मी जवळ जाऊन बसले.

काका यंत्रावरची नजर न काढता म्हणाले, "तू बघितलेलंस, बाय. त्या दिवशी."

"हो काका."

"कोनाला बोलली न्हाईस."

"नाही."

"येवढी वर्सं काट्यावर काढली. यापारी बोलला, शेठ बोलला, पावशेर हिकडचं तिकडं केलं न्हाय. आन् केलं तर कोनाशी केलं? हिरेशी." त्यांचा आवाज फुटला. "परतेक वेळी कार्ड बघून मना विचारायची, बरी व्हतंय ना मी? मी बोलायचो, व्हतंयस. फसवून धाडली मी तिला. तू पुस्तकातली हायेस, मना सांग, मेल्यावर मानसाला हे कळत आसंल का?"

मी वचन दिलं होतं. मोडताना मला फार विचार करावा लागला असंही नाही. तो माणूस ज्या ओझ्याखाली बसला होता ते मला बघवत नव्हतं.

"काका, त्यांना ठाऊक होतं," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. तळपायाला कळायचं म्हणाल्या. तुम्हाला जास्त दाबायला लागू नये म्हणून जेवत होत्या त्या."

मला वाटलं, काका रडतील. किंवा माझ्यावर चिडतील. समोरून एक गाडी आली, थांबली, गेली. ती मुलंही उठून गेली. मग काकांनी तोंडातल्या तोंडात विचारलं, "किती बोलली?"

"काय किती?"

"किती किलो दाबतंय, आसं बोलली?"

मला क्षणभर कळेना, हा माणूस आत्ता हे काय विचारतोय. "आधी दीडेक," मी सांगितलं. "शेवटी चार."

"चार?"

"चार किलो, असंच म्हणाल्या."

काकांनी मूठ उघडली, तिकिटाकडे पाहिलं, पुन्हा मिटली. त्यांचे ओठ हलत होते. मी इतक्या वर्षांत त्यांना हिशेबाला वेळ लागलेला पाहिला नव्हता.

"मी सात दाबत व्हतो, बाय," ते म्हणाले. "शेवटी शेवटी सात. ती चारच बोलली. म्हंजे वरचे तीन तिला आपलेच वाटले." ते माझ्याकडे वळले. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "तीन किलो सुधारले आसंच समजून गेली ती."

मी त्यांचा हात धरला. खरखरीत, थंडगार हात.

"तीन किलो कमी न्हाय, बाय," काका म्हणाले.